गायकवाडकाकांची उरलेली रीडिंगं

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतले गायकवाडकाका कुणाचीही तब्येत तीनदा विचारतात. "बरे आहात?" मी हो म्हणतो. पुन्हा "बरे आहात?" तिसऱ्यांदा विचारेपर्यंत माझी पाठ खरोखरच दुखायला लागते. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. पस्तीस वर्षं ते एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मदतनीस होते. आता रिटायर झालेत, पण मंडईत कांदेही तीनदा तोलायला लावतात. भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच पाठ फिरवतात.

बारावी झालेल्या पोरांची तर खैर नसते. माझी मुलगी सायली त्यांना जिन्यात सापडली.

"पुढे इंजिनिअरिंगच का?"

"स्कोप आहे, काका."

"का?"

"बाबा म्हणतात, कम्प्युटर इंजिनिअरिंगला पॅकेज चांगलं मिळतं."

"ते बाबांचं रीडिंग झालं. तुझं सांग."

सायली म्हणाली, "आईचा बंद पडलेला मिक्सर मी उघडला होता. चालू नाही झाला. पण का नाही झाला ते कळलं. दिवसभर भारी वाटत होतं."

"मग फिजिक्स घे," काका म्हणाले आणि वर निघून गेले.

झालं. पोरगी घरात हटून बसली. फॉर्म भरायला दोन दिवस उरलेले. मी तणतणत काकांच्या दारात गेलो. "आपल्याला काय जातंय हो सांगायला? आयुष्य तिचं आहे."

"तिचंच आहे म्हणून तिला विचारलं." चहाचं नाव नाही.

मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "मलाही फिजिक्स शिकायचं होतं. वडील गेले, नोकरी धरली. लॅबमध्ये मुलांना लंबक टांगून द्यायचो. ती दोन रीडिंगं घ्यायची, बाकीची शेजारच्या जर्नलमधून उतरवायची. ती गेली की उरलेली मी घ्यायचो. वह्या भरल्या. दाखवणार कुणाला?"

मला फार वाईट वाटलं. मघाच्या माझ्या आवाजाची लाजही वाटली. वह्या आहेत का, विचारलं. त्यांनी कपाटातून ढीग काढला. बारीक अक्षर, कुठेही खाडाखोड नाही, आणि कुठल्याच पानावर कुणाची सही नाही.

घरी येऊन सायलीला फॉर्म काढायला लावला. पहिली पसंती, फिजिक्स. पॅकेजचं पुढचं पुढे. मला फिजिक्समधलं ओ की ठो कळत नाही. पण कॉलेज सुरू झालं की तिने आज कोणती रीडिंगं घेतली हे मी रोज विचारणार आहे, आणि कळेपर्यंत तिच्यासमोरून उठणार नाही.