मुहूर्त अकरा चाळीसचा

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी घोरपडे पेठेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कमरजहां शेख यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली: कीबोर्ड एरर, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. त्यांनी एफ-वन दाबलं. कॉम्प्युटर टीं-टीं करून ओरडला आणि त्याने तीच ओळ पुन्हा दाखवली.

कमरजहां घरी बसून लग्नपत्रिका तयार करून देत असत. अकरा वर्षं त्यांचं काम पुष्कर यांच्या प्रेसमध्ये जाई आणि दुसऱ्यांची कामं उरकल्यावर, साधारण चहाच्या सुमारास, छापलं जाई. यंदा पुष्करांनी नवं यंत्र घेतलं होतं. दसऱ्याला अकरा चाळीसच्या मुहूर्तावर ते सुरू होणार होतं, आणि पहिला कागद कमरजहांच्या पत्रिकेचा निघेल, असं त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. फाइल मात्र मुहूर्ताच्या आधी यायला हवी. नाही आली, तर मूळव्याधीच्या एका दवाखान्याची पत्रकं तयारच होती.

फाइल आदल्या दिवशीच गेली असती. पण आदल्या दिवशी खंडेनवमी होती, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या मंदाकिनीकाकू दुपारी पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. कमरजहांनी कॉम्प्युटर घेतला त्या वर्षीच काकूंनी जाहीर केलं होतं, "हे तुझं हत्यार. तू पूजा करत नाहीस, ठीक आहे. मी करते." तेव्हापासून दर खंडेनवमीला त्या हळदकुंकू, झेंडू आणि अक्षता घेऊन येत. पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, हा नियमही त्यांचाच. शेवटची सात नावं टाकायची राहिली असताना कमरजहांनी निमूटपणे कॉम्प्युटर बंद केला होता.

पावणेनऊला त्यांचे पती हुसेन न्हाणीघरातून बाहेर आले. ते स्वारगेटजवळच्या बस वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि कोणतंही यंत्र ही मुळात बसच असते, असं त्यांचं मत होतं. टीं-टीं ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"रिव्हर्स घेतोय," ते म्हणाले.

"अहो, कीबोर्ड एरर म्हणतोय तो."

"तो काहीही म्हणेल. वायपर चालत नसला तर आम्ही वायपर बघत नाही, आधी बॅटरी बघतो."

कमरजहांनी कीबोर्डची वायर काढून पुन्हा लावली. फरक पडला नाही. नवा कीबोर्ड आणावा तर दुकानं दसऱ्याची पूजा आटोपून बारानंतर उघडणार होती. तोवर हुसेननी पेचकस आणला होता.

नऊ वाजता हिंमतराव आले. ते कात्रजच्या पलीकडून दुधाची गाडी घेऊन पुण्यात येत, आणि पत्रिका त्यांच्याच मुलीच्या, मुक्ताईच्या लग्नाची होती. पहिली पत्रिका मुहूर्तावर छापून घरच्या देवापुढे ठेवायची, असं त्यांनी आईला कबूल केलं होतं. म्हणून राहिलेल्या सात नावांचा कागद घेऊन ते जातीने आले होते. कॉम्प्युटरचं पोट उघडं आणि हुसेनभाई कोपरापर्यंत आत, हे पाहून ते सोफ्याच्या कडेला बसले.

"अवघड हाय का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," दार उघडंच असल्यामुळे आत आलेल्या काकू म्हणाल्या. "पण प्रयत्न चालू आहेत."

काकूंनी पडद्यावरची ओळ चष्मा लावून वाचली. एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मग म्हणाल्या, "कीबोर्ड बिघडलाय असं म्हणतो आणि कीबोर्डचंच बटण दाबा म्हणतो. आपल्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की तक्रारवही चौथ्या मजल्यावर ठेवतात, तसंच हे."

नऊ वीसला हुसेननी मेमरीची पट्टी काढली, आपल्या शाळकरी मुलीच्या दप्तरातल्या खोडरबरने घासून पुसली आणि परत बसवली. पंखाही पुसला. सगळं जागच्या जागी लावल्यावर टेबलावर एक स्क्रू उरला. तो कुठला, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि खिशात टाकला. बटण दाबलं. आता पडद्यावर काहीच आलं नाही. ओळही नाही.

कमरजहां खुर्चीत बसल्या. अकरा वर्षांनी आलेला पहिला नंबर, आणि तोही आता मूळव्याधीच्या हाती. हुसेन घाबरले. त्यांनी घाईघाईने फैझलला व्हिडिओ कॉल लावला.

फैझल हा कमरजहांच्या बहिणीचा मुलगा. हिंजवडीत मोठ्या कंपनीत कामाला असल्यामुळे खानदानातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या भरवशावर होते. तो दसऱ्याच्या दिवशीही ड्युटीवर होता. त्याने आधी रीस्टार्ट करायला सांगितलं, मग दुसऱ्यांदा रीस्टार्ट करायला सांगितलं. मग आपण क्लाउडमध्ये काम करतो आणि प्रत्यक्ष कॉम्प्युटर उघडलेला आजच पाहतोय, हे कबूल केलं.

"चार वर्षं तिथे नक्की काय करतोस?" काकूंनी फोनमध्ये डोकावून विचारलं.

"काकू, आमच्याकडे बिघडलं की आम्ही तक्रारीचं तिकीट रेझ करतो. मग दुसरी टीम बघते."

"मग ती टीम दे."

इकडे हिंमतरावांनी घरी फोन करून उशीर होतोय, असं कळवलं होतं. ती बातमी तासाभरात भावकीत फिरली आणि पत्रिकेत अजून नावं बसतात, असा तिचा अर्थ लावला गेला. हिंमतरावांचा फोन वाजायला लागला. सातची अकरा झाली. मग कुणीतरी चुलतमामांची आठवण काढली आणि पंधरा झाली. ते कागदाच्या पाठीवर लिहू लागले.

दहा पन्नासला हुसेनना शंका आली. त्यांनी मेमरीची पट्टी पुन्हा काढली, नीट पाहिली आणि ती उलटी घालायचा प्रयत्न झाला होता, हे कुणालाही न सांगता सुलटी घातली. खट् असा आवाज आला. त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, टीं-टीं वाजलं आणि पांढऱ्या अक्षरांत ओळ आली: कीबोर्ड एरर, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

खोलीत एकच आनंद झाला. हिंमतराव उठून उभे राहिले. हुसेननी त्यांना मिठी मारली. एरर परत आला, एरर परत आला, असं फैझल फोनवरून त्याच्या शेजारच्याला सांगत होता. काकूंनी पदराच्या टोकात बांधून आणलेली आपट्याची पानं सोडली आणि सगळ्यांना सोनं वाटलं. एक पान कॉम्प्युटरवरही ठेवलं. दोन तासांची मेहनत घेऊन मंडळी आठ चाळीसला जिथे होती तिथे पोचली होती.

शांत होत्या त्या फक्त कमरजहां. त्यांनी फोन उचलला आणि फैझलला विचारलं, "बेटा, ज्याला बिघडलंय म्हणतोय ते एकदा बघायचं का? सकाळपासून कुणी बघितलेलंच नाही."

त्यांनी फोन कीबोर्डवर धरला.

"खाला," फैझल म्हणाला, "हा कीबोर्ड आहे की पूजेचं ताट?"

सगळे वाकले. बटणांच्या फटींतून कुंकू होतं. झेंडूची एक पाकळी एंटरच्या बाजूला उभी होती. आणि जिथे नजर जाईल तिथे फटीफटींत लाल तांदूळ.

"दर वर्षी मॉनिटरच्या डोक्यावर वाहते," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "यंदा हिने हा चपटा आणला. त्याच्यावर दाणा टिकेना. मग खाली हा एवढा मोकळा दिसला."

हुसेननी वायर काढून कीबोर्ड उलटा करून झटकला. तांदळाचा सडा पडला. पुन्हा वायर लावली, बटण दाबलं. ओळ तीच. कमरजहांनी एकेक बटण दाबून पाहिलं. सगळी वर येत होती, स्पेसबार सोडून. तो डावीकडे कणभर खाली बसला होता. वर्कशॉपचा पेचकस फटीत जाईना. अकरा वाजून अकरा मिनिटांनी काकूंनी खांद्यावरची साडीची पिन काढली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सरका. घातला मी, काढते मी."

तिसऱ्या प्रयत्नात दाणा उडाला आणि थेट हिंमतरावांच्या टोपीवर पडला. हिंमतरावांनी टोपी हलवली नाही. "लग्नाला दीड महिना हाय अजून," ते म्हणाले, "पण असू द्या."

अकरा पंधराला कॉम्प्युटर निमूटपणे सुरू झाला. कमरजहांची बोटं धावू लागली. हिंमतराव वाचत होते, काकू कानामात्रा तपासत होत्या, हुसेन कॅबिनेट धरून उभे होते, कारण उरलेला स्क्रू नेमका तिथलाच होता. पंधरा नावं बसवायला मान्यवरांची अक्षरं बारीक करावी लागली. दोन मान्यवर जवळजवळ दिसेनासे झाले, आणि त्याला हिंमतरावांनी आनंदाने संमती दिली. मुक्ताईचं नाव मात्र कमरजहांनी तसूभरही लहान केलं नाही. अकरा छत्तीसला फाइल गेली.

अकरा अडतीसला प्रेसमधून पुष्करांचा फोन आला. त्यांचा आवाज रडवेला होता.

"ताई, फाइल पाठवली असेल तर माफ करा, मला दिसतच नाहीये. गुरुजी बसलेत, नारळ तयार आहे आणि आमचा कॉम्प्युटर काही सुरू होत नाही. टीं-टीं करतोय नुसता."

कमरजहांनी फोन स्पीकरवर टाकला. "पडद्यावर कीबोर्ड एरर आलंय?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"काल पूजा कुणी केली?"

"आईने."

"मॉनिटर चपटा आहे?"

"ताई, तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का?"

"कीबोर्ड उलटा करा," कमरजहां म्हणाल्या.

फोनमधून बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज आला, बराच वेळ. काकूंनी समाधानाने मान हलवली. पुष्करांची आई हात राखून पूजा करणारी नव्हती. मग कमरजहांनी स्पेसबार तपासायला सांगितलं आणि पिन कशी तिरपी धरायची ते काकूंनी समजावलं. पिन शोधायला आणि दाणा काढायला वेळ लागणार होता, पण गुरुजींनी पंचांग चाळून बारा पाचचाही मुहूर्त चांगला असल्याचं सांगितलं. मूळव्याधीची पत्रकंही त्याच बंद कॉम्प्युटरमध्ये अडकली होती. पहिला कागद आता मुक्ताईच्याच पत्रिकेचा निघणार होता, आणि यंत्र कमरजहांमुळेच सुरू होणार म्हणून पहिली प्रतही त्यांच्याच हाती द्यायची, असं पुष्करांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

फोन बंद झाला. हुसेननी घड्याळ पाहिलं. काकू पिन परत खांद्याला लावत होत्या. हिंमतराव घसा साफ करत पुढे झाले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुसरा, घडी घातलेला कागद काढला.

"म्हंजे, अजून वीस-पंचवीस मिनिटं हायेत," ते म्हणाले. "तवा थोरल्या वाड्याची तेवढी नऊ नावं..."

कमरजहांनी त्यांच्या टोपीवरचा दाणा अलगद उचलला, आणि स्पेसबारकडे पाहिलं.