चौथ्या मजल्यावरचा वजनकाटा

मी आज जो काही आहे तो सामंतकाकांमुळे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वाशीमहून नोकरीसाठी दिल्लीला आलो, तेव्हा आमच्या हेडमास्तरांच्या ओळखीवर काकांनी मला तिथल्या द्वारका भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं ठेवून घेतलं. भाडं विचारलं नाही. वजन विचारलं.

दारातच काटा असे. पाहुण्यांना पाणीसुद्धा नंतर. "आधी उभे राहा. अठ्ठ्याहत्तर! अच्छा, पिझ्झा की छोले-भटुरे?"

लिफ्टमध्ये तर वयाचा मुलाहिजा नव्हता. एकेकाच्या पोटाकडे बघून काका काय खाल्लं ते सांगत. "शाळेतली ही, बर्गर. हिचे पप्पा, ऑफिसातला पिझ्झा. दादीजी, मोमो, चटणी डबल."

दादीजी एकदा भडकल्या. "भाईसाहब, और आपका ये पेट?"

"ये सरकारी है," काका म्हणाले. निवृत्तीआधी ते केंद्र सरकारच्या कचेरीत होते.

हळूहळू लोक काका दिसले की जिना धरू लागले. "बघ, चार मजले चढतायत! बिल्कुल माझं यश," असं म्हणून काका रिकाम्या लिफ्टमधून खाली जात.

मीही त्यांच्या तावडीतून सुटलो नाही. त्यांच्यावर जेवणाचा भार नको, म्हणून मी रोज बाहेरूनच चाऊमीन नाहीतर मोमो खाऊन यायचो. अठ्ठावन्नचा शहात्तर झालो. काका काट्याकडे बघून नुसती मान हलवत.

एका रविवारी लवकर परतलो. काका टेबलाशी बर्गर खात होते. दुसरा खोक्यात होता. मला बघून त्यांनी खोकं झाकलं.

"एकावर एक फ्री होता रे."

"काका, तुम्ही?"

"तुझी काकू गेल्यापासून एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. तू राहायला आलास त्या पहिल्या आठवड्यात लावला होता, दोघांपुरता. तू जेवून आलास."

मी दारातला काटा पुढे ओढला. म्हणालो, "गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय ना? किती आहे?"

"काय माहीत. पोटामुळे मला आकडाच दिसत नाही."

ते काट्यावर चढले. मी वाकून वाचला. सत्त्याण्णव.

"मोठ्याने नको," ते म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ऑफिसजवळ म्हणून मी गुरुग्रामला राहायला आलो. फोन केला की काका "मी मजेत, तू कामाला लाग" म्हणून ठेवून देतात. त्यांना सगळं लेखी लागतं. म्हणून काल हे पाठवलं:

"ती. सामंतकाकांस,

विषय : दर शनिवारी आपल्याकडे जेवणेबाबत.

तीन वर्षं मी बाहेर जेवलो, ते आपल्याला त्रास नको म्हणून. आपण वाट बघत असाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी मागून जेवत नाहीत. आज मागतो आहे. इथे मीही एकटाच खोकं उघडून खातो.

येत्या शनिवारी बारा वाजता येतो. मुगाची डाळ आणि पालक आणतो. भाजी चिरायला मला येते, फोडणी येत नाही. ती आपण शिकवावी. मी येईपर्यंत काही मागवू नये.

आपला,
दिनेश"