रिकाम्या फळीचे घरत वकील

माझ्या नावापुढे आज 'ॲडव्होकेट' लागतं. आईवडिलांखालोखाल ते ज्यांच्यामुळे लागतं, त्यांचं नाव दत्ताराम घरत. राहायला कर्जतजवळ दहिवलीला, वकिली कर्जत आणि खालापूर अशा दोन्ही कोर्टांत. त्यांच्या ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांचं भलंमोठं लाकडी कपाट आहे. खालच्या फळ्या जाडजूड पुस्तकांनी गच्च भरलेल्या आणि सगळ्यांत वरची फळी पूर्ण रिकामी. रोज सकाळी घरत वकील स्टुलावर चढतात आणि ती रिकामी फळी ओल्या फडक्यानं पुसतात. खालच्या पुस्तकांवर धूळ असली तरी त्यांना चालते.

नवा पक्षकार आला की हमखास विचारतो, "साहेब, तिथं काय ठेवायचं हाय?"

"ठेवलेलं आहे."

"दिसत नाय ते."

"जो कायदा माणसाला लिहायची गरजच पडली नाही, तो आहे तिथं."

पक्षकार एकदा फळीकडे बघतो, एकदा वकिलांकडे आणि मग दाराकडे. काही जण त्याच दारानं निघून जातात. जे थांबतात ते जन्मभर त्यांचे होतात. आम्ही थांबलेल्यांपैकी.

आमचं गाव भिवपुरीच्या बाजूला. वडिलांची भातशेती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर वडील मला घेऊन घरत वकिलांकडे आले, ते सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी. बोलता बोलता म्हणाले, "पोराला टेंपो घेऊन द्यायचा इचार हाय."

वकिलांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरात वाद घालतो का हा?"

"लई घालतो. जेवताना पन ऐकत नाय."

"मग वकील करा त्याला."

"आमच्यात कोन वकील झालंय का साहेब आजपातूर?"

"पहिला जो होतो, त्याच्या आधी कोणीच झालेलं नसतं," घरत वकील म्हणाले आणि कॉलेजचा अर्ज कुठं मिळतो ते सांगू लागले. वडिलांची नोंद त्या दिवशी राहूनच गेली. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्याच ऑफिसात बसून अभ्यास केला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, न विचारता चहा आणून ठेवायच्या. जाता जाता म्हणायच्या, "शीक रं बाबा, पण लिहिलेलंच शीक. न लिहिलेलं शिकणारा एक आहे घरात, तेवढा पुरे."

काकूंच्या वैतागाला कारण होतं. वकील एसटीनं खालापूरला जातात. एसटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी जागा राखीव असते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. घरत वकिलांचं वय त्या जागेला केव्हाच पोचलंय. पण ते तिथं बसत नाहीत, शेजारी उभे राहतात.

"काका, बसा ना, ही सीट तुमचीच आहे," कंडक्टर म्हणतो.

"ती कायद्यानं माझी आहे. मी न्यायानं मिळेल त्या सीटची वाट बघतोय."

म्हणजे कोणीतरी तरुण माणूस न राखलेल्या जागेवरून आपणहून उठावा, याची. बहुतेक वेळा तरुण माणूस मोबाइलमध्ये असतो. वकील खालापूरपर्यंत दांड्याला धरून उभे, आणि शेजारी त्यांची हक्काची जागा रिकामी. कारण इतर कोणाला तिथं ते बसूही देत नाहीत. "असं लिहावं लागलं, म्हणजे इथं माणसं कमी पडली," असं ते त्या पाटीकडे बघून म्हणतात. संध्याकाळी काकू त्यांच्या गुडघ्यांना तेल लावताना विचारतात, "गुडघेसुद्धा निसर्गानंच दिलेत ना? त्यांचा कायदा काय म्हणतो?" वकील दुसरा गुडघा पुढं करतात.

कोर्टातही तीच तऱ्हा. न्यायाधीश म्हणत, "घरत, कलम सांगा."

"साहेब, कलमाच्या आधीचं सांगतो."

"कलमाच्या आधी चहाची सुट्टी होते, घरत. लवकर आटपा."

लॉ कॉलेजात एकदा सरांनी नैसर्गिक कायद्याचा विचार शिकवला. न्याय हा राजाच्या हुकमातून जन्मत नाही, तो आधीपासून असतो आणि माणसाच्या विवेकाला तो कळतो. लिहिलेला कायदा त्याला सोडून गेला, तर त्याला कायदा का म्हणावं, हा प्रश्न उरतो. मी आनंदानं उभाच राहिलो. "सर, हे आमचे घरत वकील रोज सांगतात!"

"कोणत्या पुस्तकात?"

"पुस्तक नाही सर. रिकामी फळी आहे."

वर्ग पोट धरून हसला. पण सरांनी पुढं एक शंका काढली, ती मला खटकली. प्रत्येक जण आपापल्या मनातला कायदा वाचू लागला, तर दांडगा माणूस काय वाचेल? ती शंका मी संध्याकाळी दहिवलीला नेली. वकिलांनी ती नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "तुझे सर हुशार आहेत. म्हणून तर खालच्या फळ्या भरलेल्या हव्यात. आणि एक ध्यानात ठेव. वरच्या फळीवरचा कायदा दुसऱ्याला लावायच्या आधी स्वतःला लावून बघायचा. स्वतःला टोचला तर तो खरा."

तो त्यांना टोचला, ती हकीकत आता सांगतो.

खालापूरकडे एका गावाशेजारी सबनीस नावाच्या निवृत्त गृहस्थांनी जागा घेऊन घर बांधलं. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. जागेत एक जुनी विहीर होती. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की बायका पूर्वापार इथं पाण्याला येत. पण कोणीतरी सबनिसांचा पंप चोरला, वर दमदाटी केली. त्यांनी चिडून कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि बायकांना आत यायला मनाई करावी म्हणून दावा लावला. एकट्या माणसावर दांडगाई झाली, म्हणून घरत वकिलांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकील जागा बघायला गेले. ऊन मी म्हणत होतं. सबनीस बाहेर गेले होते, फाटकाला कुलूप. वकिलांना भोवळ आली. वाटेनं हंडा घेऊन येणाऱ्या एका बाईनं त्यांना सावलीत बसवलं आणि हंड्यातलं पाणी दिलं. ती ते दूरच्या टँकरवरून आणत होती.

"गं बाई, मी तुमच्या विरुद्ध पार्टीचा वकील आहे," ते म्हणाले.

"आदी पानी प्या. मंग विरुद्ध व्हा."

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. घरत उभे राहिले. खरेदीखत दाखवलं, नकाशा दाखवला, सगळं चोख. आणि मग म्हणाले, "साहेब, कागद पूर्णपणे माझ्या पक्षकाराच्या बाजूनं आहेत. पण तहानेपुढे कुलूप लावायचा हक्क कुठल्या कागदानं मिळत असेल, असं मला वाटत नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "घरत, तुम्ही नक्की कोणाचे वकील?"

समोरचे वकील अर्धवट उठले. "साहेब, मला आता बोलायचं काही उरलंच नाही."

कोर्टात हशा पिकला. सबनीस मात्र हसले नाहीत. ते आपल्या वकिलाकडे बघत होते. त्यांचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज फेटाळला गेला आणि फाटक उघडं ठेवावं लागलं.

बाहेर गावकरी हार घेऊन उभे. "साहेब, जितलो आमी!"

घरत वकिलांनी हार हातानं अडवला. "हार नको. ज्यानं माझ्यावर भरवसा टाकला, त्याला मी आज भर कोर्टात सोडलं. हे करायचं होतं तर काल त्याच्या घरी जाऊन वकीलपत्र परत द्यायचं होतं. लिहिलेलं नसतं, तरी ही चूकच होती."

सबनिसांनी तक्रार केली. प्रकरण वकिलांच्या शिस्त समितीपुढे गेलं. आता सनदच जायची वेळ. मला नुकतीच माझी सनद मिळाली होती. मी रात्रंदिवस खालच्या फळ्या उपसल्या आणि तक्रारीत एक पक्की उणीव शोधली. तिच्यासोबत प्रतिज्ञापत्रच नव्हतं. धावत त्यांच्याकडे गेलो.

"कागदानं सुटू?" ते म्हणाले. "मी?"

"काका, आयुष्यभराची वकिली आहे!"

"म्हणूनच."

समितीपुढं त्यांनी सरळ कबुली दिली. अध्यक्षांनी विचारलं, "स्वतःच्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तुमच्या निसर्गाच्या न्यायात बसतं ना, घरत?"

"बसतं साहेब. म्हणून निकाल तुम्हीच द्या. मी नुसता गुन्हा सांगतोय."

सनद काही महिन्यांसाठी थांबवली गेली. मुदत संपून ती परतही मिळाली. मी मिठाई घेऊन गेलो, तर कोट खुंटीलाच. सबनिसांनी माफ केल्याशिवाय कोर्टात उभं राहायचं नाही, असा निकाल त्यांनी स्वतःपुरता दिला होता. त्यावर अपील नव्हतं. दर रविवारी ते एसटीनं जात आणि सबनिसांच्या फाटकापाशी रस्त्याच्या कडेला बसत. फाटक उघडं असे, पण बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. सबनीस ओट्यावर पाठ फिरवून पेपर वाचत. हळूहळू पाठ फिरवायचे थांबले. मग एका रविवारी ओट्यावरूनच म्हणाले, "चहा पाठवतो. आत येऊ नका." वकिलांनी बाहेर बसून चहा घेतला आणि घरी येऊन काकूंना सांगितलं, "चहात साखर होती गं." काकूंनी मला हे सांगताना पदर डोळ्याला लावला. कोर्टात कोणापुढे न दबणारा हा माणूस एका माणसाच्या दोन शब्दांसाठी असा झुरत होता, हे तोवर मला उमगलं नव्हतं.

नंतर गुडघे फारच धरले, म्हणून त्यांची मुलगी त्यांना आणि काकूंना नाशिकला घेऊन गेली. फोन ते घरीच विसरतात, जाणूनबुजून. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. तेच इथं देतो.

*तीर्थरूप काकांस,*

*साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? काकूंचं ऐका.*

*काल खालापूर कोर्टात माझ्या टेबलाशी सबनीस आले. मला वाटलं, नवीन नोटीस. ते उभ्यानंच म्हणाले, "तुमचे घरत दोन रविवार आले नाहीत. आजारी आहेत का?" मी नाशिकचं सांगितलं. ते खुर्चीत बसले.*

*मग मीच विचारलं, की दाव्याचं काय करायचं ठरवलंय? म्हणाले, "ते घरतांशी बोलेन. वकील म्हणून नव्हे." विहिरीवर बायका येतात, त्यांची नावं आता त्यांना ठाऊक आहेत. त्यातली एक त्यांना आंबट वरणाची कृती सांगते आणि ते बिघडवतात, असंही सांगितलं.*

*काका, मी रागानं म्हणालो, की इतके दिवस आमच्या काकांना बाहेर बसवलंत. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं, ते जसंच्या तसं लिहितो. "पहिल्या रविवारी त्यांना बघून चीड आली. नंतर भीती वाटू लागली, की माफ केलं तर ते यायचे थांबतील."*

*मी त्यांना सांगितलं, की माफ केलं तरी आमचे काका यायचे थांबणार नाहीत. न विचारता तुमच्या वतीनं शब्द दिला, तेवढा पाळा. कोट मी धुऊन इस्त्री करून आणलाय. बरं वाटलं की कळवा, न्यायला येतो.*

*तुमचा,*
*संतोष*