अचूक वर्णन करणाऱ्यास वस्तू मिळणार नाही

हरवलेली वस्तू एकाची असते. सापडलेली वस्तू मात्र पुष्कळांची असते. या सत्याच्या आधारावर सापडलेल्या वस्तूंचं कार्यालय तीस वर्षं उभं आहे (इमारत टेकूच्या आधारावर).

तिथल्या हेडक्लार्कांनी आयुष्यात एकच शोध लावला, तोही भीत भीत. जुन्या नोंदी चाळताना त्यांना दिसलं की वस्तू मागायला शंभर जण आले तर त्यांत खरे मालक दहा, लबाड नव्वद. खऱ्या दहांपैकी धड वर्णन करतात तिघं, कारण स्वतःच्या छत्रीकडे निरखून बघतो कोण? नव्वद लबाडांतले बहात्तर मात्र मुठीवरच्या चऱ्यासकट सांगतात, कारण सगळ्या वस्तू खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात. म्हणजे अचूक सांगणाऱ्या पंचाहत्तरांत खरे फक्त तीन. चुकणाऱ्या पंचविसांत चांगले सात! नियम आपोआपच ठरला: जो बरोबर सांगेल त्याला वाटेला लावा, जो चुकेल त्याला वस्तू द्या. (यात अठरा वस्तू लबाडांच्या घशात जातात, हे खरं. पण ते आळशी लबाड असतात, आणि आळशांपासून समाजाला धोका कमी.) कपाट आत हलवावं अशी सूचना एकदा आली होती. सूचना करणाऱ्याने कपाटाचा रंग अचूक सांगितल्यामुळे ती फेटाळण्यात आली.

मग हेडक्लार्कांचंच घड्याळ हरवलं. म्हणजे त्यांच्या वारलेल्या बायकोचं. दुरुस्तीला नेताना ते बसमध्ये राहिलं आणि दुसऱ्या दिवशी कपाटात येऊन बसलं. शनिवारी कपाटातल्या वस्तूंचा लिलाव होता. हेडक्लार्कांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते स्वतःच्याच कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले.

"वर्णन सांगा," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

"लहानसं, चौकोनी. चारच्या आकड्यापाशी ओरखडा. काळा पट्टा, त्याला एक भोक जास्तीचं. शेवटी शेवटी मनगट फार बारीक झालं होतं, तेव्हा तिने सुईने पाडलेलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो साहेब, इतकं बरोबर? नियम तुमचाच आहे."

"हो, हो. बरोबर सांगणाऱ्या शंभरात शहाण्णव लबाड," हेडक्लार्क ओशाळून म्हणाले. घरी येईपर्यंत त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. शंभरात चार वेळा आपण खरे असू, हेही त्यांना जरा जास्तच वाटलं.

"कमाल करता बाबा!" लेक कडाडली. "गोल होतं म्हणून ठोकून द्यायचं!"

"नाही जमलं गं. चौकोनीच दिसत होतं."

शुक्रवारी लेक स्वतः गेली आणि पाच मिनिटांत घड्याळ घेऊन आली.

"काय सांगितलंस?"

"गोल, सोनेरी, लाल पट्ट्याचं."

"शाबास! छान थाप मारलीस."

लेक घड्याळाकडे बघत राहिली. "थाप नाही हो बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, तसंच होतं."

कार्यालयाने हे प्रकरण नियमाचा विजय म्हणून नोंदवलं आहे. कुणाला शंका असेल तर त्याने घरबसल्या पडताळा घ्यावा. डोळे मिटा आणि सांगा, तुमच्या आईच्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची आहे? नाही आठवत? मग निर्धास्त राहा. नियमानुसार आई तुमचीच आहे.