कोनाडे तपासणारे सरवदेमामा

सरवदेमामा कुणाच्याही घरी आले की आधी कोनाड्यात हात घालत. काडेपेटी, कुंकवाची डबी बाजूला सारून गोळ्यांची पुडी हुडकत आणि डोळे वटारून विचारत, "किती दिवसाच्या दिल्या व्हत्या? किती खाल्ल्या?" मग समोर उभं राहून एक गोळी गिळायला लावत, वर जीभ उचलून दाखवायला सांगत.

ईट गावच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, मी शेजारच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दुष्काळानं आम्हाला सगळंच राखून ठेवायची सवय लावली होती. भांडी धुतलेलं पाणी म्हशीला, आणि ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पुढच्या आजाऱ्याला. मामांना याचा भयंकर संताप.

"अर्धं औषिद म्हंजी जंतूला शिकवणी!" ते भर पारावर ओरडत. "मरत न्हाय त्यो, हुशार व्हतोय. मग मोठ्या दवाखान्यातलं इंजेक्शनबी त्याला पान्यावानी!"

लोक हसत. म्हाताऱ्या त्यांना पाहून पुड्या पिठाच्या डब्यात लपवत. मग मामा पिठातही हात घालू लागले.

एकदा दुधाचं कॅन माझ्या पायावर पडलं, जखम चिघळली. सात दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या. चौथ्या दिवशी ठणका थांबला, तशा मी बाकीच्या बायकोसाठी ठेवून दिल्या. तिला सारखा ताप यायचा. त्याच संध्याकाळी मामांनी त्या नेमक्या हुडकल्या. मी वैतागलो. म्हटलं, "मामा, आधी स्वतःचा कोनाडा बघा की!"

मामा हात धरून मला त्यांच्या घरी घेऊन गेले. कोनाड्यात मामींचा फोटो होता आणि पुढं एका बाटलीत चार कॅप्सूल.

"काटा मोडून पाय चिघळला व्हता तिचा. बरं वाटलं तसं ह्या चार राखल्या. माझा घसा सारखा धरायचा, म्हून माझ्यासाठी. पुन्ना उलटलं. मोठ्या दवाखान्यात सिरियस वॉर्डात नेलं, पर एक औषिद लागू पडंना. ती गेल्यावर ह्या घावल्या. गावाला वरडून सांगत फिरलो, आन घरचा कोनाडा बघितला न्हाय."

मला फार लाज वाटली. मामांना घेऊन घरी आलो, कॅप्सूल गिळली आणि त्यांनी सांगायच्या आत जीभ उचलून दाखवली.

त्यानंतर मामा रोज येत राहिले. सातव्या दिवशी त्यांनी माझं तोंड तपासलं, रिकामी पुडी उलटी करून झटकली आणि बायकोकडं वळले.

"वैनी, ह्यांनी तुमच्यासाठी काय बी राखलं न्हाय," ते म्हणाले. "लई चांगलं केलं."