रंभाताई अस्वलीण आणि बसण्याची बंदी

एका जंगलात, बाळांनो, आरसे नव्हते. तळे मात्र होते. सगळे प्राणी पाणी प्यायला म्हणून तिथे जायचे आणि स्वतःकडे बघत बसायचे. बघून झाले की उसासा टाकायचे.

हे उसासे ऐकून ऐकून तळ्यातल्या बगळ्याने तिथेच दवाखाना उघडला. तो एका पायावर डोळे मिटून उभा असायचा, म्हणून त्याला फार शिकलेला समजत. सगळे त्याला डॉक्टर बगळे म्हणत.

एके दिवशी रंभाताई अस्वलीण तिथे आल्या. त्यांचे दुःख मोठे होते. पोट पुढे बरेच होते आणि मागे काहीच नव्हते. दर होळीला जंगलात नाच व्हायचा. नाच बसवणाऱ्या मंदाकिनीकाकू हत्तीण रंभाताईंना दरवर्षी शेवटच्या रांगेत, तेही झाडाआड उभे करायच्या. रंभाताईंचे पाय सुरेख पडत, पण ते पाहणार कोण? यंदा त्यांना पहिली रांग हवी होती. दुसरे काही म्हणजे काही नको होते.

"पोटातली चरबी काढतो आणि मागे भरतो," डॉक्टर म्हणाले. "पण आधीच सांगतो, सगळी जगत नाही. नव्या जागी रक्त मिळालं तर रुजते. दाबली की मेली. मी सांगेपर्यंत बसायचं नाही."

डॉक्टरांनी लांब चोच चालवली. रंभाताई घरी आल्या. त्या उभ्याने जेवल्या, पालथ्या झोपल्या. झाडाला टेकायचा मोहसुद्धा त्यांनी आवरला. आणि काय सांगू, मागे अशी गोलाई आली की हरणे चरायचे विसरली.

मंदाकिनीकाकूंच्या कानावर गेलेच. त्या म्हणाल्या, "रंभे, तुझा सत्कार करायचा ठरलाय. डॉक्टर प्रमुख पाहुणे. विषय आहे, 'पथ्याचे महत्त्व'."

"करा की काकू. पण मी उभी राहीन हं."

"सत्कारमूर्ती उभी आणि पाहुणे बसलेले? लोक म्हणतील मंडळाला रीत नाही. आणि पहिल्या रांगेचं मी अजून ठरवलेलं नाही, बरं का."

रंभाताई बसल्या. तुम्हीही बसला असता.

स्वागत झाले. प्रास्ताविक झाले. पाहुण्यांचा परिचय झाला आणि परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. मग डॉक्टर उठले. बोलताना डोळे मिटायची त्यांना सवय होती, त्यामुळे समोर पेशंट दगडावर बसली आहे हे त्यांना दिसले नाही. पेशंटने बसणे किती घातक आहे यावर ते ऊन कलेपर्यंत बोलले. मग आभार झाले. आभार मानणारा ससा भावुक झाल्याने तेही लांबले.

पुढच्या काही दिवसांत रंभाताईंची गोलाई, फुगलेली पोळी ताटात बसावी तशी बसली. त्या रडत तळ्यावर गेल्या.

"बसू नका म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्याच भाषणाला बसले होते."

"भाषण ऐकायचं होतं. बसायला कुणी सांगितलं?"

"मग पोटातली आणखी काढा ना."

"आता पोटात आहे काय?"

खरेच काही नव्हते. पुढचे गेले होते आणि मागचेही राहिले नव्हते. रंभाताईंना फार वाईट वाटले. इतकी वर्षे त्यांनी त्या पोटाला नावे ठेवली होती, आता त्याचीच आठवण यायला लागली. होळी जवळ आली होती आणि जंगलात मोहाची फुले टपटप पडत होती. रंभाताईंनी पथ्य सोडले. त्या दिवसभर मोह खायच्या आणि तोंड गोड झाले की वरून मध खायच्या. कधी बसून, कधी लोळून.

आता गंमत ऐका. मागची थोडी चरबी भाषणातूनही वाचली होती. ती जन्माने पोटातली. जागा बदलली तरी जित्याची खोड जात नाही. खायला मिळाले की फुगायचे, एवढेच तिला ठाऊक. पोटात तिची भावंडे फारशी उरली नव्हती, म्हणून सगळा मोह मागेच साठू लागला. होळीपर्यंत रंभाताई अशा दिसू लागल्या की मंदाकिनीकाकूंनी बोट, म्हणजे सोंड, पहिल्या रांगेकडे दाखवली.

त्या रात्री रंभाताई मनसोक्त नाचल्या. त्यांचे पाय सुरेख पडतात हे जंगलाला पहिल्यांदाच कळले. बघणाऱ्या रानडुकरिणीने डॉक्टरांना विचारले, "ही किमया कशाची?"

"शिस्तीची," डॉक्टर डोळे मिटून म्हणाले. "आणि माझ्या चोचीची."

रंभाताईंनी ते ऐकले. क्षणभर खूप राग आला. पण ढोलाने ताल बदलला होता आणि पहिली रांग सोडून भांडायला जायला त्या काही वेड्या नव्हत्या.

तात्पर्य : जगली ती चरबी डॉक्टरांची, मेली ती पेशंटची. म्हणून बाळांनो, पथ्य चारचौघांत पाळावे आणि मोह घरी खावा.