जगूनानांचा निम्मा ग्लास

आमच्या जगूनानांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला की ते आधी ग्लासाकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "पट्टी भरली का?"

पट्टी म्हणजे ग्रामपंचायतीची पाणीपट्टी. भरली असेल तर नाना घटाघटा पितात. नसेल भरली तर ग्लास खाली ठेवून पिशवीतली स्वतःची बाटली काढतात. आणि निम्मी भरली असेल तर निम्माच ग्लास पितात, उरलेला परत. पाहुणे बसलेले असोत, मुलगी बघायला आलेली माणसं असोत, नानांना काही फरक पडत नाही. घरच्यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं!

मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव. नाना इथल्या पाणीपुरवठा समितीत आहेत. पगार नाही, भत्ता नाही, पण दारोदार फिरून वसुली करणार तेच. कोणी कुरकुर केली की त्यांचं वाक्य ठरलेलं: "पानी देवाचं हाय, पन लाईटबिल देवाचं न्हाई!"

दत्तूच्या वडिलांच्या दहाव्याला तर कहर झाला. ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. उन्हात सगळं गाव ताटकळलं. दत्तूने धाकट्याचं लग्न करीन म्हणून सांगितलं, आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा आपला बाभळीवर बसून मजा बघतोय. शेवटी मागून नानांचा आवाज आला, "दत्तू, म्हाताऱ्याची पट्टी ऱ्हायली रं."

"भरतो दादा, आजच भरतो!" दत्तू वडिलांच्या पिंडाकडे बघून ओरडला. आणि खोटं नाही सांगत, कावळा खाली उतरला की हो! तेव्हापासून गावातली म्हातारी माणसं पट्टीच्या बाबतीत फार काळजी घेतात.

एवढा वसुलीचा सोस, पण नाना कुणाकडून वर्षाची पट्टी एकदम घेत नसत. मी अंगणवाडी सांभाळायचे, आता गुडघे सांभाळते. मला हेलपाटे घालणारी माणसं आवडत नाहीत. मी सगळे पैसे पुढे केले की हे म्हणणार, "एकदम नगं बाई. महागाई लई हाय. निम्मं द्या, बाकीचं पुन्हा घेऊन जाईन." अहो, देणारी मी, आणि महागाई यांना! डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं, असं मी आमच्या ह्यांना कितीदा तरी म्हटलं असेल.

मग नवे भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, तरुण आणि हुशार. त्यांनी पंचायतीच्या भिंतीवर स्कॅनर चिकटवला. "नाना, आता तुम्ही घरी आराम करा. लोक मोबाईलवरून भरतील." नाना उठले. पिशवी खांद्याला लावून पारावर जाऊन बसले आणि रोज तिथेच बसायला लागले.

लोकांनी मोबाईलवरून काय काय केलं, पण पट्टी काही भरली नाही. आमचे हेसुद्धा "उद्या करतो, उद्या करतो" म्हणत राहिले. स्कॅनर काय दारात येऊन ग्लास खाली ठेवतो थोडाच? लाज वाटायची कोणाला? बिल थकलं, विहिरीवरच्या मोटरची लाईट तोडली आणि नळ कोरडे पडले.

मग काय, टँकरमागे हंड्यांची मारामारी! सरकारी अनुदानातून बांधलेल्या संडासांत पाणी नाही म्हणून लोकांनी त्यांत पुन्हा सरपण भरलं आणि पहाटे डबे घेऊन निघाले. या गुडघ्यांनी मी ओढ्यापर्यंत कशी जात होते ते माझं मला माहीत. एकदा उकिडवी बसले ती उठताच येईना. जावेने बखोट धरून उभी केली. त्या दिवशी मी रडले, आणि रडणं संपल्यावर तशीच तणतणत ग्रामसभेत गेले.

"तुमचा स्कॅनर ठेवा भिंतीवर," मी भाऊसाहेबांना सांगितलं, "पण आमचे नाना आम्हाला परत द्या!"

भाऊसाहेब मनाने चांगले. पारावर जाऊन त्यांनी स्वतः नानांना हाताला धरून आणलं. नानांनी पिशवी झटकली आणि ते घरोघर ग्लास खाली ठेवत सुटले. गावाने निम्मी निम्मी पट्टी काढली, त्यातच थकबाकी भागली. मोटर सुरू झाली. आमच्या नळाने आधी खोकून दाखवलं, मग लाल पाणी, मग स्वच्छ धार. मी संडासातली बादली काठोकाठ भरली आणि नुसती बघत उभी राहिले. सुटले बाई एकदाची!

आमचं घर नानांनी शेवटी ठेवलं होतं. ते आले, ओसरीवर टेकले, मी पाण्याचा ग्लास दिला. मी पूर्ण वर्षाचे पैसे त्यांच्या हातात कोंबले. त्यांनी निम्मे मोजून परत केले.

"घ्या ना सगळे!" मी चिडलेच. "गाव कोरडं पडलं तरी तुमची खोड जात नाही!"

नाना ग्लासाशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "सगळं एकदम घ्येतलं, तर पुन्हा कशापायी येऊ, बाई? आमची ही गेल्यापून घरात कपबशीचाबी आवाज न्हाई. पारावर बसलो हुतो, तर पानी घ्या म्हनाया बी कुनी आलं न्हाई."

परत आलेले पैसे मी निमूटपणे पदराला बांधले. मी, म्हणजे जिचं तोंड सगळ्या आळीला माहीत आहे तिने!

नानांनी बरोबर निम्मा ग्लास पाणी प्यायलं, उरलेला माझ्याकडे सरकवला आणि पिशवी उचलली.

"बसा खाली," मी म्हटलं. "चहा टाकतेय. आणि तो पूर्ण कप प्यायचा. चहावर पट्टी नाही."

नानांनी थोडा विचार केला.

"व्हय," ते म्हणाले, "चहावर न्हाई." आणि पिशवी खांद्यावरून काढून त्यांनी खुंटीला अडकवली.